बॉयलर पुन्हा पुन्हा बंद पडतोय? रीसेट दाबण्याआधी या चुका टाळा

आमच्या कोल्हापूरच्या घरी परसात तांब्याचा बंब होता. धूर करायचा, पेटायला नखरे करायचा, पण नारळाच्या चार शेंड्या जास्त घातल्या की वठणीवर यायचा. इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या स्लाउला घर घेतलं तेव्हा स्वयंपाकघरातल्या कपाटात दडवलेल्या कॉम्बी बॉयलरकडेही (घर तापवणं आणि नळाचं गरम पाणी, दोन्ही करणारं एकच गॅसचं यंत्र) आम्ही बंबाच्याच नजरेने पाहिलं. एका जानेवारीत तो तीनदा बंद पडला. तिन्ही वेळा वेगळा इलाज झाला, पैसे तीनदा गेले, आणि दुखणं मात्र पहिल्यापासून एकच होतं. इथल्या ओळखीच्या मराठी घरांतून दर थंडीत याच तऱ्हेच्या कहाण्या कानावर येतात, म्हणून आधी आमच्याच चुका सांगतो.

कोड न बघता रीसेट

बॉयलर स्वतःहून बंद होतो तेव्हा त्याला काहीतरी खटकलेलं असतं: पाणी कमी, ज्योत पेटली नाही, धुराची वाट अडली. एकदा रीसेट करून बघायला हरकत नाही. पण आम्ही सकाळी उठून चहा टाकावा तसं रीसेट करायचो आणि स्क्रीनवरचा बिघाडाचा कोड त्यासोबत पुसून टाकायचो. बटण दाबण्याआधी मोबाइलवर दोन फोटो काढा, एक कोडचा आणि एक प्रेशरच्या काट्याचा. सोबत वेळ आणि त्या वेळी हीटिंग चालू होतं की नळाचं गरम पाणी, एवढं लिहून ठेवा. इंजिनीअरला फोनवर नुसतं ‘चालूच होत नाही’ सांगितलं तर तो अंदाजानेच येणार.

दर आठवड्याला पाणी भरणं

आमची खरी चूक ही. यंत्रणा थंड असताना काटा साधारण १ ते १.५ बारच्या (बार म्हणजे दाब मोजण्याचं एकक) दरम्यान हवा. आमचा काटा शून्याकडे घसरायचा, मग मी खालचा फिलिंग लूपचा नळ फिरवून पाणी भरायचो. आठवड्यातून दोनदा. खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरची यंत्रणा बंदिस्त असते, म्हणजे तेच ते पाणी आत फिरत राहतं. वर्षातून एखाद्या वेळी थोडं भरावं लागणं ठीक, पण वारंवार भरावं लागतंय याचा अर्थ पाणी कुठूनतरी बाहेर जातंय. हे साधं गणित मला सुचलं नाही.

पहिल्या इंजिनीअरने सर्किट बोर्ड बदलला. बॉयलर चालला. दहा दिवसांनी पुन्हा बंद. दुसऱ्याने प्रेशर सेन्सर बदलला, पुन्हा चालला, पुन्हा बंद. नंतर लक्षात आलं की दोघांनीही काम झाल्यावर तपासणीसाठी पाणी भरून काटा वर आणला होता. बॉयलर चालायचा तो त्या पाण्यामुळे, आणि श्रेय मात्र नव्या पार्टला मिळायचं.

उलगडा केला शेजारच्या गुजराती काकूंनी. “तुमच्या मागच्या भिंतीतून पाणी टपकतंय,” म्हणाल्या. बाहेर भिंतीतून एक तांब्याची बारीक नळी खाली वळलेली होती आणि तिच्याखाली वीट हिरवी पडली होती. ती सेफ्टी व्हॉल्व्हची नळी. पाणी तापलं की फुगतं, आणि त्या फुगण्याला जागा देण्यासाठी एक्स्पान्शन व्हेसल नावाचा डबा असतो. त्यात रबरी पडद्याच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. आमच्या डब्यातली हवा गेली होती. त्यामुळे हीटिंग लावलं की काटा ३ बारपर्यंत चढायचा, व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर टाकायचा, आणि सकाळी थंड झाल्यावर काटा शून्यावर. तापल्यावर काटा थोडा चढणारच, पण तो थेट ३च्या घरात जाऊन नंतर पार खाली येत असेल तर डोळ्यांसमोर पहिल्यांदा हा डबा आणा. सायकलच्या ट्यूबसारखा त्याचा व्हॉल्व्ह असतो आणि तिसऱ्या इंजिनीअरने खरोखरच पंप काढून हवा भरली! तोवर सेफ्टी व्हॉल्व्हही कचरा अडकून नीट मिटेनासा झाला होता, तो बदलावा लागला. इंटरनेटवर बघून हा उद्योग स्वतः करू नका. बॉयलरचं मुख्य झाकण उघडणं हे गॅस सेफ रजिस्टरवर (ब्रिटनमधल्या गॅस इंजिनीअरांची अधिकृत यादी) नाव असलेल्याचंच काम आहे. त्याच्याकडे ओळखपत्र असतं, ते मागायला लाजू नका.

एवढ्यावर भागलं नाही. महिनोन्महिने भरलेल्या ताज्या पाण्यातून प्राणवायू आत गेला, त्याने रेडिएटर आतून गंजले आणि काळा गाळ साचला. रेडिएटर खालून थंड आणि वरून गरम असेल तर बहुधा गाळ. उलट, वरून थंड असेल तर हवा, ती छोट्या किल्लीने सोडता येते; सोडल्यावर काटा तेवढा बघा. गाळ पंपात आणि हीट एक्स्चेंजरमध्ये (ज्यातून पाणी तापतं तो भाग) अडकतो आणि बॉयलर नव्या कोडने बंद पडायला लागतो. यंत्रणा धुऊन घेणं, गंजरोधक द्रव घालणं आणि परतीच्या पाइपवर चुंबकाचा फिल्टर बसवणं, या तिन्हींवर केलेला खर्च मला तरी वसूल झालेला वाटतो.

कडाक्याच्या थंडीत बॉयलरला दोष देणं

रात्री शून्याखाली गेलं, सकाळी बॉयलर गुडगुड आवाज करून बंद, तर आधी बाहेरची पांढरी किंवा करडी प्लॅस्टिकची नळी बघा. कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करतो आणि ते या नळीने गटाराकडे जातं. नळी गोठली की पाणी तुंबतं आणि बॉयलर थांबतो. डिसेंबर २०१० च्या थंडीत ब्रिटनभर लोकांनी हाच त्रास काढला होता. नळी जमिनीवरून हाताला येत असेल तर तिच्यावर कोमट पाणी ओता किंवा गरम पाण्याची पिशवी धरा, मग रीसेट करा. उकळतं पाणी नको, नळी तडकते, आणि खाली सांडलेल्या पाण्याचा बर्फ होऊन आपणच घसरतो. दरवर्षी हेच होत असेल तर बाहेरचा भाग ३२ मिलिमीटरच्या जाड नळीचा करून त्यावर आवरण घालून घ्या.

नळाचं पाणी मधेच गरम मधेच थंड येतं, पण रेडिएटर व्यवस्थित तापतात? लंडन आणि आसपासचं पाणी जड आहे. किटलीत साठतो तोच क्षार बॉयलरच्या प्लेट हीट एक्स्चेंजरमध्येही साठतो, तिथून तपासायला सांगा.

भाड्याच्या घरातला गैरसमज

घरमालकाला दरवर्षी गॅस सुरक्षा तपासणी करून घ्यावीच लागते आणि तिचा कागद भाडेकरूला २८ दिवसांत द्यावा लागतो. पण ती तपासणी म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. कागद हातात आहे म्हणून बॉयलरची निगा राखली गेली असं धरून चालू नका. इंग्लंडमध्ये हीटिंग आणि गरम पाण्याची दुरुस्ती १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याने घरमालकाच्या गळ्यात आहे, तेव्हा स्वतः प्लंबर बोलावून नंतर पैसे मागत बसण्यापेक्षा आधी ईमेलने कळवा. फोनवरचं बोलणं नंतर कुणाला आठवत नाही.

गॅसचा वास आला तर मात्र ईमेल नाही, रीसेटही नाही. जमल्यास मीटरजवळचा गॅस बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका आणि घराबाहेर जाऊन ब्रिटनच्या गॅस आणीबाणीच्या ०८०० १११ ९९९ या नंबरवर फोन करा. घरात असताना डोकं दुखतं आणि बाहेर पडलं की बरं वाटतं, असं होत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्या. बॉयलर बंद करून घराबाहेर पडा, त्याच नंबरवर कळवा आणि डॉक्टरांनाही सांगा.

वैतागून नवा बसवणं

बारा-पंधरा वर्षांचा बॉयलर असेल आणि पार्टच मिळत नसतील तर बदला. पण जुन्या गाळाच्या पाइपांना नवा बॉयलर जोडला की एका-दोन थंड्यांत नवाही कुरकुरायला लागतो. कोटेशनमध्ये यंत्रणा धुण्याचा खर्च वेगळा लिहिलेला आहे का, हे बघा. आणि वॉरंटी कंपनीकडे नोंदवली का, हेही इंजिनीअरला विचारा. पुढे दर वर्षी सर्व्हिसिंग झाल्याची नोंद नसेल तर कंपन्या वॉरंटी नाकारतात. आमच्या घराच्या आधीच्या मालकाने दहा वर्षांच्या वॉरंटीचं पुस्तक मोठ्या अभिमानाने आमच्या हाती दिलं होतं. सर्व्हिसिंगची सगळी पानं कोरी.