अमेरिकेत गाडी चालवणार असाल तर आधी 'यील्ड' समजून घ्या

नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यातच हा शब्द सांगतो, कारण आपल्याला यील्ड म्हटलं की एकरी उत्पन्न आठवतं नाहीतर बाँडवरचा परतावा, आणि इथे रस्त्यावर त्याचा अर्थ दुसऱ्याला आधी जाऊ देणं. लाल काठाचा पांढरा उलटा त्रिकोण दिसला की वेग कमी करायचा, बघायचं, कोणी येत असेल तर जाऊ द्यायचं, गरज पडली तर पूर्ण थांबायचं, आणि रस्ता मोकळा असेल तर न थांबता निघायचं. (आपल्याकडे हाच त्रिकोण 'गिव्ह वे' म्हणून लायसन्सच्या परीक्षेत असतो, पण पाळताना कोणाला बघितलंय?) इथला पहिला बोर्ड 1950 मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात लागला, क्लिंटन रिग्ज नावाच्या पोलिसाच्या डोक्यातून आलेला. तेव्हा तो पिवळा होता. स्टॉपच्या अष्टकोनाचं मात्र वेगळं, तिथे रात्री दोन वाजता चिटपाखरू नसलं तरी चाकं थांबलीच पाहिजेत.

माझा घोळ हायवेवर चढायच्या रॅम्पवर, म्हणजे जोडरस्त्यावर झाला. यील्ड दिसलं आणि मी घाबरून जागच्या जागी ब्रेक दाबला, मागचा ट्रक कसाबसा थांबला, आजही आठवलं की हात गार पडतात. तिथे उलट वेग वाढवत न्यायचा, आरसा बघायचा, मान वळवून ब्लाइंड स्पॉट बघायचा आणि फट मिळाली की शिरायचं. हक्क मात्र हायवेवरच्या गाडीचा, तिने जागा दिलीच पाहिजे असं धरून चालू नका.

बोर्ड नसला तरी यील्ड असतंच. राउंडअबाउटमध्ये आत फिरणाऱ्याला, गोल हिरव्या दिव्यावर डावीकडे वळताना समोरून सरळ येणाऱ्याला, क्रॉसवॉकवर पायी चालणाऱ्याला. बोलताना यील्डनंतर 'टू' लावायचं, 'यील्ड टू पेडेस्ट्रियन्स' म्हणजे चालणाऱ्यांना आधी जाऊ द्या. चुकलात तर पोलिसाच्या तिकिटावर, म्हणजे दंडाच्या पावतीवर 'फेल्युअर टू यील्ड' येतं, आणि मग इन्शुरन्सही वाढू शकतो.

आणि डिपरचं लक्षात ठेवा. आपल्याकडे डिपर मारला म्हणजे 'थांब, मी येतोय', इथे बऱ्याचदा 'तू जा' असा अर्थ असतो. तरी नुसत्या डिपरवर वळू नका, समोरची गाडी खरंच थांबलीय का आणि तिच्या बाजूच्या लेनमधून दुसरी कोणी येतेय का ते बघा, मगच स्टिअरिंग फिरवा.