चिकणमाती आणि तणनाशक: प्रकल्प निवडण्याआधी

गोव्यात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करताना पाण्यातील तणनाशक चिकणमातीच्या साहाय्याने काढण्याचा विषय मी घेतला, तो सत्तरीतल्या आमच्या भातशेतीमुळे. शेतात मारलेले २,४-डी हे तणनाशक पावसाबरोबर ओहोळात उतरते, हे मला लहानपणापासून खटकत असे.

पहिले तीन आठवडे बेंटोनाइट ही चिकणमाती त्या पाण्यात ढवळण्यात गेले आणि तणनाशक जवळजवळ तेवढेच पाण्यात राहिले. कारण साधे होते. बेंटोनाइटमधील मोंटमोरिलोनाइट या मुख्य खनिजाच्या थरांवर ऋण प्रभार असतो, आणि २,४-डीचा पीकेए (ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू ऋण आयन झालेले असतात तो आकडा) सुमारे २.७ असल्यामुळे विहिरीच्या पाण्यात तेही ऋण आयनाच्याच रूपात असते. मग दोघे एकमेकांना धरणार कसे? याउलट पॅराक्वाट या दुसऱ्या तणनाशकावर दोन धन प्रभार असल्याने ते त्याच थरांमध्ये शिरून घट्ट बसते. म्हणून नव्या विद्यार्थ्याने माती मागवण्याआधी, आपले तणनाशक त्या पाण्याच्या पीएचला कोणत्या रूपात असेल, हे कागदावर लिहून काढावे.

पुढे हेक्साडेसिलट्रायमिथाइलअमोनियम या लांब शेपटीच्या, साबणासारख्या धन आयनाने थरांमधील सोडियम बदलल्यावर तीच माती २,४-डी धरू लागली. मात्र हे द्रव्य मातीच्या आयन-विनिमय क्षमतेच्या, म्हणजे माती किती धन आयन बदलून घेऊ शकते त्याच्या, हिशेबाने घालावे (मोंटमोरिलोनाइटची क्षमता शंभर ग्रॅमला साधारण ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट, केओलिनाइट या दुसऱ्या माती-खनिजाची जेमतेम ३ ते १५) आणि नंतर माती पुन्हा पुन्हा धुवावी, नाहीतर एक दूषण काढताना दुसरे पाण्यात उतरते.

माझी दुसरी चूक मोजमापातली होती. बेंटोनाइटचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात, प्रकाश विखुरतात आणि २,४-डी मोजण्यासाठी घेतलेले अतिनील प्रकाशाचे २८३ नॅनोमीटरचे वाचन फुगवतात. मला एकदा सुरुवातीपेक्षा जास्त तणनाशक दिसले, तेव्हा हे कळले. सेंट्रिफ्यूज पुरेसा वेळ चालवावा आणि मग पाणी गाळून घ्यावे. तणनाशकाविना माती आणि मातीविना तणनाशक, अशा दोन बाटल्या प्रत्येक फेरीत ठेवाव्यात; दुसरीमुळे गाळणी स्वतः किती शोषते तेही समजते.

इथलीच माती वापरायची असेल, तर जांभ्या जमिनीतले केओलिनाइट आणि लोहाची ऑक्साइडे ग्लायफोसेट या तणनाशकासाठी अधिक योग्य ठरतात, कारण त्याचा फॉस्फोनेट गट लोहाशी बंध करतो. परंतु ग्लायफोसेट अतिनील प्रकाशात थेट मोजता येत नाही, तेव्हा त्याच्या मोजणीची सोय आपल्या विभागात आहे का, हे मार्गदर्शकांना आधीच विचारावे. शिवाय खत घातलेल्या शेतातून येणाऱ्या पाण्यात फॉस्फेट असते, आणि ते लोहावरच्या त्याच जागा बळकावते. म्हणून ऊर्ध्वपातित पाण्यातले आकडे हाती आल्यावर तोच प्रयोग ओहोळाच्या पाण्यातही करावा.