व्रणाखालची कातडी मोकळी करायची तर

कॅन्सरसाठी स्तनाचं ऑपरेशन झाल्यावर छातीवर टाक्यांचा जो व्रण राहतो, त्याच्याबद्दल हे सांगते. आरशासमोर उभ्या राहा. दोन बोटं व्रणावर टेकवा आणि बोटं न घसरवता कातडी वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवून बघा. मग तेच पोटावर करा. पोटावरची कातडी सहज हलते. व्रणाजवळ काही ठिकाणी ती जागची हलत नाही, नाहीतर हात वर केला की तिथं खळी पडते. तीच चिकटलेली जागा.

मी सांगलीत विश्रामबागेत ब्लाउज शिवते, त्यामुळं मला हे कॉलरला बुकरम (आतलं कडक कापड) चिकटवल्यासारखं वाटतं. वरचं कापड ओढलं की आतलंही सोबत येणारच. जखम भरताना शरीर जे तंतू तयार करतं ते वरची कातडी, खालची चरबी आणि छातीचा स्नायू सगळं एकमेकांना जखडून टाकतात. म्हणून टाके छातीवर आणि अडतो खांदा. वरच्या फळीवरचा डबा काढणं, वेणी घालणं, दोरीवर साडी वाळत टाकणं, नेमकं इथंच घोडं अडतं.

सुरुवात कधी करायची? जखम पूर्ण बंद झाली, टाके निघाले, खपली एकही उरली नाही आणि सर्जनांनी "हो" म्हटलं, मगच. बहुतेकींना ३ ते ६ आठवडे लागतात. आत पाणी साठलं असेल किंवा जखमेतून काही झिरपत असेल तर थांबा. नवा स्तन बसवून घेतला असेल तर आपल्या मनानं काहीच करू नका, त्याचे नियम वेगळे असतात.

आता मुख्य गोष्ट. शेजारणी सांगतील, "तेल लावून चोळ." चोळल्यानं तेल जिरतं, चिकटलेलं सुटत नाही. बोट कातडीवरून फिरवायचं नाही, कातडीला बोटाबरोबर न्यायचं. म्हणून तेल अगदी थेंबभर, तेही बिनवासाचं. फार लावलं तर बोटं घसरतात आणि सगळं फुकट जातं.

बोटांची पेरं टेकवा, नखाचं टोक पांढुरकं दिसेल इतका दाब द्या आणि कातडी एका दिशेला न्या, जिथं अडेल तिथंपर्यंत. तिथं थांबा. ओढ जाणवली पाहिजे, कळ नको. काही क्षणांत ती जागा जराशी सैलावते, ते बोटाला कळतं. मग उलट दिशेला, मग आडवं, मग लहान गोल. असं करत व्रणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. ऑपरेशननंतर आतलं पाणी बाहेर काढायला ड्रेनची नळी घालतात, तिचं भोक विसरू नका, ते हमखास खाली चिकटलेलं असतं. काही दिवसांनी कातडी चिमटीत धरून अलगद उचलून बघा. सुरुवातीला चिमटीत येतच नाही, येऊ लागली की समजायचं सुटतंय. एका वेळी ५ ते १० मिनिटं, दिवसातून २-३ वेळा पुरे. व्रण वर्ष-दीड वर्ष बदलत राहतो, तेव्हा घाई करून काही हाती लागत नाही.

हळदीचं सांगते, कारण आमच्या गावात हा विषय निघतोच. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मानांकन मिळालं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण कच्च्या जखमेवर ती घालू नका, आणि सुकलेल्या व्रणाखालचे तंतू तिच्या लेपानं सुटत नाहीत. दुधात घालून प्या की खुशाल. व्रण जाड, उंच होत असेल तर सिलिकॉनची पट्टी उपयोगी पडते, पण ती दिवसाला १२ तास तरी लावून २-३ महिने ठेवावी लागते. सांगलीच्या उन्हाळ्यात घामानं ती सुटते. काढा, धुवा, कातडी कोरडी करा, परत लावा.

मसाज झाला की लगेच हात चालवा. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढत जायचं. उताणं झोपून दोन्ही हातांत काठी धरायची आणि चांगल्या हाताच्या जोरावर दुसरा हात डोक्यामागं न्यायचा. कातडी सैल असतानाच हे केलं तर जास्त वर जातं.

ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढलेल्या असतील तर कधीकधी काखेतून कोपरापर्यंत, एखादीला मनगटापर्यंत, ताणलेली दोरी दिसते. नस आखडली म्हणून हाड बसवणाऱ्याकडं जाऊन झटके मारून घेऊ नका. फिजिओथेरपिस्टला दाखवा. हळू ताण देत गेलं की ती बहुधा काही आठवड्या-महिन्यांत जाते. त्याच बाजूला दंडाच्या आतल्या भागाला बधिरपणा असतो, म्हणून गरम पाण्याची पिशवी तिथं नको. भाजलेलं कळायचं नाही.

रेडिएशन चालू असताना आणि नंतर कातडी लाल किंवा सोललेली असेपर्यंत मसाज बंद. खांद्याचे व्यायाम मात्र डॉक्टरांना विचारून चालू ठेवा, कारण रेडिएशनमुळं आलेला कडकपणा काही महिन्यांनीही डोकं वर काढतो.

व्रण लाल होऊन गरम लागला, पू आला, ताप आला, हात सुजून बांगडी घट्ट झाली किंवा बोटाला नवी गाठ लागली, तर मसाज तिथंच सोडा आणि डॉक्टरांकडं जा. "हा तंतूच असेल" हे आपण ठरवायचं नाही.

आणि ब्लाउज शिवायला टाकताना टेलरला स्पष्ट सांगा: हुक पुढं, कापड सुती, त्या बाजूचा मुंढा सैल. काखेतली शिवण व्रणावर येत असेल तर ती जरा मागं सरकवून घ्या. कुठलीही शिवणारी ते करून देते, फक्त माप देताना लाजून गप्प बसू नका.