हवा कुणाची? पोलचे आकडे पाहून मत देताना या चुका टाळा

"तो काही येत नाही, मग मत कशाला वाया घालवायचं?" पोल पाहून होणारी सगळ्यात महाग चूक हीच. चॅनेलचा अंदाज राज्याचा असतो, तुमचं मत मात्र मतदारसंघात पडतं. २०२४ मध्ये वायव्य मुंबईची लोकसभेची जागा ४८ मतांनी गेली. धुळ्यात सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजप पुढे होता. एकट्या मालेगाव मध्यने पारडं फिरवलं आणि काँग्रेस ३,८३१ मतांनी निवडून आली. असले निकाल कुठल्याही पोलच्या चिमटीत सापडत नाहीत.

दुसरी चूक, टक्केवारीलाच जागा समजणं. भाजपला २०१९ ला सुमारे ३७.४ टक्के मतं आणि ३०३ जागा मिळाल्या; २०२४ ला सुमारे ३६.६ टक्के आणि २४०. मतं टक्काभरही घटली नाहीत, जागा ६३ नी घटल्या. पोलवाले लोकांना मत विचारतात, जागा नंतर गणिताने काढतात, आणि घोळ बहुतेकदा तिथेच होतो. त्याच वर्षी हरियाणाच्या विधानसभेला पोलनी काँग्रेसला सत्तेवर बसवलं होतं. मतं जवळपास सारखी पडली, जागा मात्र भाजप ४८, काँग्रेस ३७.

"सगळेच पोल तेच सांगतायत" यावरही विसंबू नका. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेकांनी भाजपच्या एनडीए आघाडीला लोकसभेत साडेतीनशेपार नेलं होतं, मिळाल्या २९३. सगळे एकाच बाजूला चुकले, तर सरासरी काढून काय सुधारणार?

लोकसभेचा कल विधानसभेला लावणाऱ्यांचं महाराष्ट्रात काय झालं ते ठाऊक आहेच: २०२४ च्या जूनमध्ये महाविकास आघाडीला ४८ पैकी ३०, नोव्हेंबरमध्ये महायुतीला २८८ पैकी २३०.

मतदानाचे टप्पे चालू असताना व्हॉट्सॲपवर 'एक्झिट पोल' (मत देऊन बाहेर पडणाऱ्यांना विचारून काढलेला अंदाज) आला, तर पुढे ढकलू नका. शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत तो प्रसिद्ध करायला कायद्याने बंदी आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे तो मेसेज एक तर बनावट, नाही तर बेकायदा.

मतदानाआधीचा पोल पाहायचाच असेल, तर आधी तो कधी घेतला ते बघा. अर्ज मागे घेण्याच्या मुदतीआधीचा असेल, तर तुमच्याकडचा बंडखोर शेवटी उभा राहिला की बसला, हे त्या आकड्यांत आलेलंच नसतं.