लॉक्स ठेवताय? मग या चुका टाळा

लॉक्स म्हणजे ड्रेडलॉक्स, केस गुंतवून घट्ट केलेल्या दोरीसारख्या बटा. त्या ठेवायचं ठरवलं की सर्वांत आधी कानावर येणारा सल्ला म्हणजे ‘केस धुऊ नकोस, सुटतील.’ तो बिलकुल ऐकू नका. तेलकट, मळलेले केस एकमेकांवरून घसरतात. स्वच्छ केसच एकमेकांना धरून ठेवतात. आठवड्या-दहा दिवसांनी डोकं धुवायलाच हवं. नव्या बटा असतील तर जाळीची टोपी घालून, पातळ केलेला शाम्पू बोटांच्या पेरांनी फक्त टाळूवर चोळा. खाली ओघळणारा फेस बटांना पुरतो.

खरं बिघडतं ते वाळवताना. बट वरून कोरडी लागते, पण गाभ्यात पाणी तसंच असतं. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात ते दोन दिवसही राहतं आणि मग कुबट वास सुरू होतो. म्हणून रात्री डोकं धुऊन झोपू नका, सकाळी धुवा. एकेक बट टॉवेलमध्ये धरून मुळापासून टोकापर्यंत दाबत या, मग पंख्याखाली बसा. पावसाळ्यात ड्रायरची कोमट हवा घ्याच. बट दोन बोटांत घट्ट दाबून पाहा: आतून गार लागली तर ती अजून ओली आहे. वास आलाच तर ॲपल सायडर व्हिनेगर चौपट पाण्यात मिसळून बटांवरून ओता आणि साध्या पाण्याने भरपूर धुवा. टाळूवर जखम असेल तर हे करू नका. दोन-तीनदा धुऊनही वास जात नसेल तर आत बुरशी धरलेली असू शकते. तेवढी बट कापलेली बरी.

मेण तर लावूच नका. ते पाण्याने निघत नाही, धूळ धरतं आणि बटेच्या आत राखाडी पुटं साठतात. आपल्याकडची तेलाची सवयही आवरावी लागते. टाळू कोरडी पडली तर दोन-चार थेंब पुरे, तेही टाळूलाच. थंडीत खोबरेल बटेच्या आत थिजून बसतं.

आफ्रिकी वंशाच्या लोकांचे घट्ट कुरळे केस नुसत्या पिळानेही हळूहळू बसतात, म्हणजे गुंतून घट्ट बट होतात. आपल्यातल्या बहुतेकांचे केस सरळ किंवा लाटदार, त्यामुळे सुटे केस बटेत ओढून घ्यायला क्रोशाची बारीक सुई लागते, साधारण 0.5 ते 0.75 मिमीची. पण तीच सुई रोज चालवली तर केस आतून तुटतात आणि बट पोकळ होते. केस महिन्याला जेमतेम सव्वा सेंमी वाढतात. दर आठवड्याला मुळं पिळायला नवे केस येणार कुठून? 4 ते 6 आठवड्यांचं अंतर ठेवा.

मधल्या काही महिन्यांत बटा फुगतात, आखूड दिसतात, जिकडेतिकडे केस उभे राहतात. बरेचजण इथेच धीर सोडतात. पण ही बसण्याचीच खूण आहे. एरवी रोज गळून जाणारे 50 ते 100 केस आता बटेतच अडकून तिला जाड करत असतात.

धुतल्यावर शेजारच्या बटा मुळाशी बोटांनी अलग करायला विसरू नका, नाहीतर त्या एकमेकींत मिसळतात. देवीच्या नावाने राखलेली जट अशीच न धुता, न सोडवता वाढते. तिच्या वजनाने बायकांच्या माना दुखतात, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते समजूत घालून ती कापतात. घरातल्या आजीला लॉक्स पाहून धास्ती वाटली तर तिला दोष देऊ नका. स्वच्छ टाळू आणि सरळ भांग दाखवा.

आणि ओढ. मुळाशी दुखणं, लाल पुळ्या, कपाळाच्या कडेला विरळ होणारे केस दिसले की घट्ट बांधणं आणि पिळणं त्याच दिवशी थांबवा, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. हा ताण वर्षानुवर्षं राहिला तर तिथले केस परत येत नाहीत.