जर्मनीत मास्टर्सला आलात? नोकरीचं आत्तापासून बघा

ऑक्टोबरात आलेली आपली पोरं पहिल्या वर्षी काय करतात ते दरवर्षी बघतोय. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो सुटतात, म्युनिकमध्ये त्यातला मोठा हिस्सा खोलीभाड्यातच जातो. मग जेवण पोचवायची सायकल, नाहीतर गोदामातली रात्रपाळी. त्यात कमीपणा काही नाही. पण रोख पैशाची चटक लागते, विद्यार्थ्याला वर्षाला कामासाठी मिळणारे १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस त्यातच संपतात आणि डिग्री हातात येते तेव्हा सीव्हीवर आपल्या विषयातलं एक अक्षर नसतं.

म्हणून आधी हिवीचं काम शोधा, म्हणजे प्रोफेसरच्या हाताखालचं. पगार बेताचा, पण हे तास त्या १४० दिवसांत धरत नाहीत. प्रोफेसरला मेल करताना त्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये सध्या कशावर काम चालू आहे ते वाचून करा. एकच मेल चाळीस जणांना धाडलेली त्यांना बरोबर कळते. पुढच्या सेमिस्टरला कंपनीत वेर्कस्टुडंट व्हा, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ काम, आठवड्याला वीस तासांपर्यंत. थीसिसही कंपनीतच मिळाला तर उत्तम.

अनुभव नाही म्हणून रडू नका. कॉलेजात बाहाची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पोरांच्या त्या ऑफ-रोड स्पर्धेची, गाडी बनवली असेल तर तेच लिहा: सस्पेन्शनमधला कुठला भाग तुमचा, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केला, पिथमपूरच्या ट्रॅकवर काय तुटलं आणि मग काय बदललं. ‘मेहनती, टीम प्लेयर’ खोडून टाका.

आणि खोटा अनुभव दाखवू नका. हे परत सांगतो, कारण पुण्या-हैदराबादच्या कन्सल्टन्सीवाल्यांकडून दोन वर्षांचं बनावट लेटर घेऊन येणारे अजून भेटतात. इथे अर्जासोबत जुन्या कंपनीचं कामाचं प्रमाणपत्र, त्सॉयग्निस, जोडायची पद्धत आहे. इंटरव्ह्यूत दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला पितळ उघडं पडतं. नाही पडलं आणि नोकरी लागली, तरी फसवणूक उघड झाल्यावर करार रद्द करता येतो, मधे काही वर्षं गेलेली असली तरी.

जर्मन भाषा बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, न्याच. चार मराठी पोरं एका फ्लॅटमध्ये राहिली की पोहे झकास होतात, जर्मन ए-वनवरच, म्हणजे पहिल्या पायरीवरच, राहतं. गणपतीला या जरूर, पण मंडळात ओळखीने नोकरी लागेल ही आशा सोडा.

डिग्रीनंतर नोकरी शोधायला अठरा महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो. भरपूर वाटतात, पण एकेका अर्जाचं उत्तर यायला दोन-दोन महिने जातात.

वेर्कस्टुडंटचं काम सोडताना त्सॉयग्निस मागून घ्या, कायद्याने तुमचा हक्क आहे. शेवटच्या आठवड्याच्या आतच मागा. नंतर मॅनेजर सुट्टीवर गेलेला असतो.