कुत्र्याची बिस्किटं आतून ओली राहत होती, ती अशी सुकली

आमच्या मोत्यासाठी केलेली चिकन-गाजराची बिस्किटं वरून खरपूस, आतून लिबलिबीत. बडोद्याच्या पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी. कणीक वाढवली तर दगड झाली, आच वाढवली तर कडा करपल्या. तीन घाणे फेकले, वैताग आला नुसता.

दोष पाण्याचा होता. पाव किलो बोनलेस चिकन मीठ-मसाल्याशिवाय शिजवून, निथळून मिक्सरला फिरवायचं. खंडेराव मार्केटातून आणलेली दोन गाजरं किसून पंच्यात घट्ट पिळायची. (माझ्याकडे जवळजवळ अर्धी वाटी पाणी निघालं!) त्यात एक अंडं आणि मावेल तेवढी कणीक, साधारण दीड वाटी. अर्धा सेंटिमीटर जाड लाटून शंकरपाळ्यांसारखं कापायचं. ओव्हनमध्ये १८० अंशांवर २५ मिनिटं, मग उलटून १०० अंशांवर दीड तास. बंद ओव्हनमध्येच गार होऊ द्यायची. एक मोडून बघा, कट्‌कन आवाज आला पाहिजे. मग घट्ट डबा आणि फ्रीज.

कांदा-लसूण चिमूटभरही नको, कुत्र्यांच्या तांबड्या रक्तपेशी त्याने फुटतात. सासूबाई चवीपुरतं मीठ म्हणत होत्या; चव मोत्याची, म्हटलं, आपली नाही.